वीस रुपयांची संजीवनी

तुमच्या डेस्कवर झाड आहे? थांबा, खरं सांगा. आहे, की होतं?

माझ्या डेस्कवर आतापर्यंत चार झाडं होऊन गेली. पहिला मनी प्लांट रिलीजच्या आठवड्यात गेला, दुसरा दिवाळीच्या सुट्टीत. तिसरं कॅक्टस होतं. 'याला काही करावं लागत नाही' असं सगळे म्हणाले, म्हणून मी आणलं आणि रोज पाणी घालून घालून मारलं. चौथं एचआरने वाढदिवसाला दिलं होतं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं आणि मग विचारण्यात काही अर्थ उरला नाही.

त्यामुळे २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये ऑफिसच्या ट्रिपला पचमढीला गेलो आणि रस्त्याच्या कडेला एक बाई 'संजीवनी है, कभी मरती नहीं' म्हणत काहीतरी विकताना दिसली, तेव्हा मी गाडी थांबवायला लावली. समोर फडक्यावर मुठीएवढे तपकिरी गोळे मांडलेले. वाळून कोळ झालेले, पक्ष्याच्या घरट्यासारखे. पाण्यात ठेवा, उघडेल. काढून ठेवा, मिटेल. किंमत वीस रुपये. मी म्हटलं, हे झाड माझ्यासाठीच बनलंय.

सोमवारी लंचच्या वेळी पॅन्ट्रीतल्या बाऊलमध्ये पाणी घेतलं आणि गोळा त्यात ठेवला. संध्याकाळच्या चहापर्यंत तो हाताच्या पंजासारखा पूर्ण उघडला होता. आतली बाजू चक्क हिरवट! टेस्टिंगची अख्खी टीम बघायला आली. एकाने व्हिडिओ काढला, दुसऱ्याने त्याला रामायणाचं म्युझिक लावलं. मी तो सगळ्यांना फॉरवर्ड केला. मंगळवेढ्याच्या मामालाही.

मामाचं उत्तर रात्री आलं, व्हॉइस मेसेजमध्ये. "आगं, झाड लई भारी हाय. पर ह्याला कणीस येतं का?"

मी आधी हसले. मग लक्षात आलं, मामा चेष्टा करत नव्हता.

मंगळवेढ्याची ज्वारी तुम्ही खाल्ली असेल. नावाने नसेल माहीत, पण थंडीत जी हुरडा पार्टी करता, गुळाचा खडा आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन फोटो टाकता, त्याच्यामागे अशाच कुठल्या तरी काळ्या रानातली रब्बीची ज्वारी असते. मालदांडी हे तिचं प्रसिद्ध वाण. सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात, स्वातंत्र्याच्याही आधी, गावरान मालदांडीतून ते निवडलं गेलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर जीआय मानांकनही आहे. तिचा फंडा साधा आहे. पाऊस संपता संपता पेरायची आणि मग आभाळाकडे बघायचं नाही. काळ्या मातीने पावसाळ्यात जी ओल साठवली असेल, तेवढ्यावर पीक उभं राहायचं.

पण त्यासाठी आधी ओल साठायला हवी ना. २०१८ मध्ये परतीचा पाऊस आलाच नाही. ऑक्टोबरच्या शेवटी सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. मामाने अर्ध्या रानात पेरणी केली होती, ती गुडघ्याएवढी झाली आणि पिवळी पडायला लागली. उरलेल्या अर्ध्या रानात त्याने पेरलंच नाही. बियाणं परत कोठीत ठेवलं. आणि अशा वेळी भाचीने पाठवला न मरणाऱ्या झाडाचा व्हिडिओ.

उघडणं म्हणजे जगणं नव्हे

पुढचे दोन आठवडे मी बाऊलमधलं पाणी बदलत होते. तिसऱ्या आठवड्यात वास यायला लागला. हाउसकीपिंगच्या मावशी म्हणाल्या, मॅडम, हे फेकू का? बघितलं तर खालून काळं पडलेलं आणि वर पांढरी बुरशी.

शाळेतली एक मैत्रीण आता कॉलेजात बॉटनी शिकवते. तिला फोन केला. ती खो खो हसली. "अगं, ते सेलाजिनेला. नेच्याच्या नात्यातलं. त्याचं उघडणं-मिटणं हे पुष्कळसं दाराच्या लाकडासारखं असतं. पावसाळ्यात दार फुगतं, म्हणून दार जिवंत असतं का? तुझं मुळापासून उपटलेलं, महिनोन् महिने उन्हात पडलेलं असणार. मेलेलंही उघडतं."

म्हणजे मी वीस रुपयांना मेलेलं झाड घेतलं होतं. रेकॉर्ड अबाधित!

पण तिने पुढे जे सांगितलं त्याने माझी झोप उडाली. तीच जात जंगलात, दगडावर, मुळांसकट असेल तर खरोखरच वाळून कोळ होते आणि पाऊस पडला की पुन्हा जगते. कर्नाटकातल्या काही शास्त्रज्ञांनी २००९ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात चक्क रामायणातल्या संजीवनीचा शोध घेणारा लेख लिहिला होता आणि त्यात हिला संभाव्य उमेदवार ठरवलं होतं. "आणि फक्त हीच नाही," मैत्रीण म्हणाली. "फुलं येणाऱ्या झाडांतही अशी आहेत. जिल फॅरंट हे नाव शोध."

शोधलं. त्या रात्री दोन वाजेपर्यंत शोधत बसले.

नऊ वर्षांच्या मुलीची डायरी

जिल फॅरंट दक्षिण आफ्रिकेतल्या. नऊ वर्षांच्या असताना त्यांनी शेतावरच्या खडकावर एक झाड पाहिलं. पार वाळलेलं, मेलेलं. पाऊस पडला आणि ते हिरवं झालं. मुलीने ते डायरीत लिहून ठेवलं. मग शाळा, कॉलेज, संशोधन यात वर्षं गेली आणि नव्वदच्या दशकात केपटाऊन विद्यापीठात त्या पुन्हा त्याच झाडांकडे वळल्या. झेरोफायटा हे त्यातलं मुख्य कुळ. २०१२ साली त्यांना लॉरिआल-युनेस्कोचा महिला शास्त्रज्ञांसाठीचा पुरस्कार मिळाला. २०१५ सालचं त्यांचं टेडवरचं भाषण अजून बघायला मिळतं. जरूर बघा, लंच ब्रेकमध्ये संपतं.

आता हे मेलेलं जिवंत होण्याचं प्रकरण नीट समजून घेऊ. आपली पिकं दुष्काळात काय करतात? मुळांना माती कोरडी लागली की झाडात अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं रसायन तयार होतं. ते पानांना सांगतं, खिडक्या बंद करा. पानांच्या बारीक छिद्रांतून जाणारी वाफ थांबते, पाणी वाचतं. पण त्याच खिडकीतून कार्बन डायऑक्साइड आत येत असतो. तो थांबला की स्वयंपाकही बंद. म्हणजे झाड तहानेने मरू नये म्हणून उपाशी राहतं. असं किती दिवस चालणार? त्यात वरून ऊन तर पडतंच असतं. हरितद्रव्य ऊन गोळा करत राहतं, पण त्या ऊर्जेला काम नाही. मग ती पेशीच्या आतच जाळपोळ करायला लागते. साधारण निम्म्याहून जास्त पाणी गेलं की बहुतेक पिकांची पानं परत येत नाहीत. मग तुम्ही कितीही पाणी ओता. माझ्या मनी प्लांटला विचारा.

झेरोफायटाच्या पानांतलं ९५ टक्के पाणी जातं. आणि तरीही दोन-तीन दिवसांत ते पुन्हा हिरवं होतं.

कसं? पहिली गोष्ट म्हणजे ते झाड घाबरून नाही, शिस्तीत वाळतं. लोडशेडिंगच्या दिवसांत वीज जायच्या आधी कॉम्प्युटर नीट शटडाऊन करायचो ना, तसं. आपलं हरितद्रव्य ते स्वतःच मोडून टाकतं, म्हणजे जाळपोळीचं कारणच संपलं. काही दुसऱ्या जाती हिरवा रंग ठेवतात, पण पानं मिटून घेतात आणि वर जांभळट रंगाचा पडदा ओढतात. मग पेशीत साखर साठायला लागते. ही साखर फार मजेशीर काम करते. पाणी कमी कमी होत जातं तशी ती पेशीच्या आत काचेसारखी घट्ट होते. घरी पाक चुकून जास्त आटला की कसा कडक पारदर्शक होतो? लिमलेटची गोळी म्हणजे तेच, साखरेची काच. तिच्यात पेशीतला सगळा पसारा जागच्या जागी थिजून राहतो. प्रथिनं एकमेकांना चिकटत नाहीत, पातळ पटलं फाटत नाहीत. त्यांना सांभाळायला आणखी काही खास प्रथिनं असतात. पाणी आलं की काच विरघळते आणि पेशी जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू.

कॉस्मेटिक्सवाल्यांना या झाडांचा सुगावा आधीच लागलाय हे वेगळं सांगायला नको. सुरकुतलेलं पान पुन्हा टवटवीत होताना बघून दुसरं काय सुचणार? क्रीमच्या डबीवर 'रिझरेक्शन प्लांट' लिहिलेलं दिसलं तर तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका. झाडाची ती विद्या डबीत येत नाही.

कोठीतलं बियाणं

पण माझ्यासाठी खरी गंमत पुढे होती. साखरेची काच, ती खास प्रथिनं, शिस्तीत वाळणं हे सगळं कुठे तरी आधीच होतं. कुठे? बियांमध्ये.

विचार करा ना. ज्वारीचा दाणा म्हणजे काय? वाळलेलं, पण जिवंत झाड. घरात कोठीत पडलेलं असतं, दिसायला खड्यासारखं, आणि ओल मिळाली की उठतं. इस्राएलमध्ये मसादाच्या किल्ल्यात सापडलेलं सुमारे दोन हजार वर्षं जुनं खजुराचं बी २००५ साली रुजवलं गेलं आणि त्याचं झाड झालं. म्हणजे वाळून जगण्याची कला आपल्या पिकांना येत नाही असं नाहीच. येते. आयुष्याच्या पहिल्या अंकात येते, आणि कोंब फुटला की ती फाइल बंद होते.

फॅरंट यांना हे दिसलं, कारण त्या मुळात बियांच्या अभ्यासक. आणि गंमत म्हणजे त्यांची पीएच.डी. उलट्या टोकाच्या बियांवर होती, जी वाळली की मरतात. तिवराचं बी. हो, तेच तिवर, जे आपल्या खाडीत चिखलात उभं असतं. आंब्याची कोयही तशीच. हापूसची कोय पुढच्या वर्षी लावू म्हणून खिडकीत वाळत ठेवणाऱ्या समस्त मंडळींनी नोंद घ्यावी.

झेरोफायटाच्या एका जातीचा अख्खा जनुकसंच २०१७ मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम फॅरंट आणि नेदरलँड्समधल्या वागेनिंगेनच्या शास्त्रज्ञांनी मिळून केलेलं. त्यात दिसलं ते असं, की हे झाड वाळताना पानांमध्ये बियांची जनुकं चालू करतं. थोडक्यात, अडचणीच्या वेळी पानालाच आपलं बालपण आठवतं.

मग प्रश्न साधा होतो. ज्वारीच्या पानाला ते का आठवू नये?

फॅरंट यांनी ज्वारी नाही, टेफ निवडलं. टेफ म्हणजे इथिओपियाचं बारीक धान्य, नाचणीपेक्षाही बारीक. त्याची ते इंजेरा नावाची आंबवलेली, घावनासारखी भाकरी करतात. या टेफच्या कुळातलंच एक आफ्रिकी गवत असं वाळून जगणारं आहे. दोन सख्खे चुलत भाऊ, एक मरतो, एक उठतो. २०२० साली त्या गवताच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तेव्हा कळलं की दुष्काळात टेफच्या पानांतही बियांची बरीच जनुकं जागी होतात. म्हणजे आठवतं त्यालाही, पण पूर्ण नाही. कुठलं जनुक, किती, कधी, कोणाबरोबर, सगळा खेळ तिथे आहे. बाहेरून नवं काही आणून घालण्यापेक्षा झाडाकडे आहे तेच योग्य वेळी चालू करायचं, हा फॅरंट यांचा मार्ग.

आणि इथेच मामाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. कणीस येतं का?

सरळ उत्तर, नाही. असं पीक आजही कुठल्या शेतात उभं नाही. वाळून उठणारी झाडं बहुतेक छोटी, हळू वाढणारी, खडकावर राहणारी. सगळी कमाई ती जगण्यावरच खर्च करतात, वर दाणे भरायला उरतं कुठे? शिवाय शेतकऱ्याला झाड जगून उपयोग नाही, वेळेत दाणा हवा.

त्यामुळे ज्वारीवर काम करणाऱ्यांनी दुसरा रस्ता धरला. ऑस्ट्रेलियात आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमध्ये 'स्टे ग्रीन' नावाच्या गुणावर वर्षानुवर्षं काम झालंय. ही ज्वारी मरून उठत नाही, ती काटकसर करते. सुरुवातीला पानांचा पसारा लहान ठेवते, मातीतलं पाणी पुरवून वापरते आणि दाणे भरायच्या वेळी शिल्लक काढते. आपल्यासारखं नाही, एक तारखेला पगार आणि पंधरा तारखेला बॅलन्स चेक. मला विचाराल तर पुढच्या दहा वर्षांत मामाच्या रानात काही पोचलंच, तर ते या काटकसरीच्या घराण्यातलं असेल. पण ओल साठलीच नाही, २०१८ सारखी, तर काटकसर तरी कशाची करणार? तिथे फॅरंट यांचं स्वप्नच लागतं.

योगायोग असा, की त्याच २०१८ मध्ये त्यांचं केपटाऊन शहर नळ बंद होण्याचे दिवस मोजत होतं. फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटर पाण्याची मर्यादा घातली होती. तो 'डे झीरो' पुढे ढकलला गेला आणि शेवटी आलाच नाही. पण पाण्याविना जगणाऱ्या झाडांच्या प्रयोगशाळेबाहेर बादल्या मोजल्या जात होत्या, हे वाचून मला कसंतरीच झालं. आपल्याकडे २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं होतं, ते आठवलं.

हे सगळं आफ्रिकेतच आहे असं समजू नका. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात अशा वाळून जगणाऱ्या ६२ जाती नोंदवल्या. याआधी नऊच माहीत होत्या. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी आली. त्यातल्या १२ जाती पश्चिम घाटातल्या खडकाळ सड्यांखेरीज जगात कुठेच नाहीत. आपण सप्टेंबरमध्ये कासला फुलं बघायला गर्दी करतो आणि मे महिन्यात तोच सडा 'ओसाड' म्हणून सोडून देतो. बातमी वाचून मी त्या मे महिन्यात मुद्दाम एका सड्यावर गेले. काळा कातळ, भाजणारं ऊन आणि भेगांमधून वाळक्या गवताचे झुपके. यातलं कुठलं मेलेलं आणि कुठलं झोपलेलं, मला अर्थातच कळलं नाही. पण पहिल्यांदाच मी कुठल्या झाडाला हात लावला नाही. उपटून घरी न्यायचा मोह झाला होता, खोटं कशाला बोलू.

मामाचं राहिलं. २०१८ ची ती अर्धी ज्वारी शेवटी बैलांना कडबा म्हणून कापली, दाणा भरलाच नाही. मी फोन केला तेव्हा फॅरंटबाई, साखरेची काच, टेफ असं सगळं त्याला सांगून टाकलं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हंजे दाण्याला येतंय ते पानाला येत न्हाय म्हन की." दोन वाजेपर्यंत जागून मला जे कळलं होतं, ते त्याने एका वाक्यात गुंडाळलं. "त्या बाईला म्हनावं लौकर कर. माझ्या पोराच्या टायमाला तरी."

पुढच्या वर्षी, २०१९ च्या सप्टेंबरमध्ये, त्याचा एक फोटो आला. ओलं गोणपाट उलगडलेलं आणि त्यावर दहा-दहाच्या रांगांत मांडलेले दाणे. आदल्या वर्षी पेरायचं राहिलेलं, कोठीत ठेवलेलं बियाणं. पेरणीआधी उगवण तपासायची ही आमच्याकडची जुनी पद्धत. शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळायचे आणि चार दिवसांनी मोजायचे.

खाली व्हॉइस मेसेज होता. "शंभरातलं ९१ उठलं. तुझ्या संजीवनीचं काय झालं गं?"

"फेकली, मामा," मी लिहिलं.